तीर्थपुरीचा सेलचा डबा

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी
आजपासून संकल्प दोन. एक, सकाळी दहाच्या आत मोबाइल चालू करायचा न्हाई. डोकं ताजं राहतं. दोन, तीर्थपुरीतला बॅटरीचा एकही वापरलेला सेल उकिरड्यावर जाऊ द्यायचा न्हाई. किराणा दुकानात डबा ठेवायचा, लोक सामानाला येताना सेल टाकतील. वीस किलो जमले की रिसायकलवाली कंपनी टेम्पो पाठवते. मंग मी तालुक्याचा कोऑर्डिनेटर.
बायको, दैवशाला, म्हणाली संक्रांतीपर्यंत करा काय ते, न्हाईतर जाफराबादला राधेश्यामच्या खताच्या दुकानात कामाला लागा. राधेश्याम तिचा धाकटा भाऊ. मला दाजी म्हणतो आणि गोण्या मोजायला लावतो. मेलो तरी जाणार न्हाई.

४ डिसेंबर
बद्रीनारायण शेठच्या दुकानात डबा ठेवला. तेलाचा रिकामा डबा, हिरवा रंगवलेला. शेठ म्हणाले, ठेवा, पायात येऊ नये म्हणजे झालं. पूर्ण पाठिंबा.

१२ डिसेंबर
अकरा सेल. सात माझ्याच घरचे. मोजायला सोपं म्हणून प्रत्येकाला हिरवा ठिपका दिला.

१९ डिसेंबर
शेठनं सेल पायरीवर उन्हात ओळीनं मांडलेले. म्हणाले, थंडीनं बसलेत, दोन दिवस ऊन खाल्लं की उठतील. अर्धा तास रिसायकलिंग समजावलं. त्यांनी बराबर ऐकलं, आणि सेल पालटून दुसरी बाजू उन्हाला लावली.

२४ डिसेंबर
डब्यात चारच. लोक टाकायच्या ऐवजी नेऊन राह्यले. खेळण्यातून उतरलेला सेल रिमोटला चालतो, रिमोटमधला घड्याळाला. शेजारच्या सगुणाबाई एक टाकून तीन घेऊन गेल्या. याला रीयूज म्हणतात. माझी योजना माझ्या पुढं गेली.

३ जानेवारी
कंपनीला वीस किलो तयार म्हणून कळवलं. तयार म्हणजे गावात आहेतच. टेम्पो १३ तारखेला, शहागडला, हायवेवर. दहा वाजता.

१० जानेवारी
शेठनं गोदाम झाडलं. पाणी सुटलेल्या सेलची जुनी खोकी निघाली, मला दिली. काट्यावर एकवीस किलो. एवढा आनंद लग्नातही झाला नव्हता.
दिवाळीपासून बंद असलेलं घरचं घड्याळ दैवशालानं आज चालू केलं. घराला शिस्त लागून राह्यली.

१३ जानेवारी
सकाळी दाट धुकं, ऊन कळेना. उठलो, घड्याळात आठ दहा. आंघोळ, चहा, गोणी बांधली. तरी आठ दहाच. मी जल्दी आवरतो.
जीपनं शहागडला उतरलो. टेम्पो न्हाई. लवकर पोचल्याचं समाधान. मोबाइल बंदच, संकल्प म्हणजे संकल्प. गोणीवर बसून दोन चहा घेतले. मंग चहावाल्याला टाइम विचारला. साडेअकरा. म्हणाला, एक टेम्पो सव्वादहापर्यंत हॉर्न मारत उभा होता.
मोबाइल चालू केला. नऊ मिस्ड कॉल. कंपनी म्हणाली, या बाजूला आता गाडी येणार न्हाई.
घरी येऊन घड्याळातला सेल काढला. हिरवा ठिपका. दैवशाला म्हणाली, तुमच्याच डब्यातला हाय, म्हणलं तुमचं काम चालतंय तर आपल्याच घरात दिसू द्या. मला रडू आलं.

१४ जानेवारी, संक्रांत
गोणी शेठला परत केली. त्यांनी एकवीस किलो गच्चीवर उन्हात पसरले.
दैवशालानं तिळगूळ दिला आणि बॅग भरली. राधेश्यामचा फोन आल्ता. दाजी, उद्या बराबर नऊला या.
पहिली जीप किती वाजता निघते, विचारायला पाहिजे. घड्याळाकडं पाह्यलं. आठ दहा.