मागचे दार कोणाच्या नावे

मी, खाली सही करणार, वय वर्षे शहात्तर, धंद्याने गादी कारागीर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकणारी एकच व्यक्ती होती, ती माझी बायको, आणि ती माझ्याआधी गेली. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो घ्यावा लागला, कारण दर रविवारी नदीत उतरून दुसऱ्यांची घाण काढणाऱ्या माणसाबद्दल गल्लीत वेगळे मत आहे.

१. दुकानातील दाभणे, कात्री, कापूस पिंजण्याचे यंत्र हे सर्व माझ्या हाताखाली तयार झालेल्या कारागिराला द्यावे. त्याने गादीच्या कोपऱ्याला माझा दुहेरी टाका घालणे सोडू नये. त्या टाक्यामुळेच नदीतून ओढून काढलेली गादी कोणाची ते मला कळते. मी ती मालकाच्या दारात नेऊन ठेवतो. "काका, ही आमची नव्हेच," असे सांगणाऱ्याला कोपरा उलटून दाखवतो. यामुळे धंदा निम्म्यावर आला, पण गाद्या फेकणेही कमी झाले.

२. नदी समितीला माझ्याकडून काहीही देऊ नये. सुरुवातीला नदी साफ करायला अख्खी गल्ली यायची. काढलेला कचरा आम्ही काठावर रचायचो, पालिकेच्या कचरागाडीची वाट बघायचो, गाडी यायची नाही, आणि पाणी चढले की सगळे परत नदीत. मी म्हणत होतो, आधी गाडीचे ठरवा, मग कचरा काढा. त्याऐवजी समितीने काठाला उंच जाळी लावली, कोणी कचरा टाकू नये म्हणून. लोक आता जाळीवरून पिशव्या भिरकावतात. टाकणाऱ्याला ती अडवत नाही, काढणाऱ्याला मात्र अडवते. जाळीच्या फाटकाची किल्ली अध्यक्षांकडे होती. ते गाव सोडून गेले, किल्लीही गेली. समितीने त्यावर ठराव केला. म्हणून नदीत उतरायला आज एकच वाट उरली आहे : माझ्या मागच्या दारातल्या पायऱ्या.

३. शेजारच्या लाँड्रीवाल्याला त्याच्याच लग्नातली गादी ठेवून जात आहे. ती नदीतून काढून माळ्यावर वाळवून ठेवली आहे. त्याचा साबणाचा फेस पाइपाने थेट नदीत जातो. पालिकेत तक्रार केली तेव्हा पहिल्यांदा आलेले साहेब जाळीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "इथून तर काही दिसत नाही." माझ्या दारातून या म्हटले, तर त्यांचे बूट नवे होते. दुसऱ्या वेळी एक बाई आल्या, पायऱ्या उतरल्या, फोटो काढले. पाइप बंद झाला. गेल्या वर्षी पुन्हा सुरू झाला, ती गोष्ट वेगळी. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पण दार होते म्हणून निदान एकदा तरी बंद झाला.

४. माझी राख नदीत सोडू नये. नदीत काही टाकू नका हे जन्मभर ओरडून सांगितले, आणि शेवटी मीच तिच्यात पडायचे, हे बरे दिसणार नाही.

५. बँकेतील शिल्लक मुलाला द्यावी. घर त्याला देत नाही. तो ते लाँड्रीवाल्याला विकायला निघाला आहे, आणि लाँड्रीवाला पहिल्या दिवशी मागचे दार चिणून पाइप रुंद करील. मुलाला वाईट वाटेल. वाटू दे. मलाही वाटते.

६. घर सुनेला देत आहे. अट अशी की, मागचे दार दर रविवारी उघडे राहील आणि नदीत उतरू इच्छिणाऱ्या कोणालाही अडवले जाणार नाही. अट मोडल्यास तिचा घरावरील हक्क संपेल.

७. हे कलम नंतर लिहीत आहे. वरचा मजकूर सुनेला वाचून दाखवला. ती भांडी विसळत होती. माझ्या चिखलाच्या पावलांवरून ती दर रविवारी माझ्याशी भांडते, म्हणून वाटले होते की अट ऐकून चिखलाबद्दलच बोलेल.

"अट काढा बाबा," ती म्हणाली. "नाहीतर घर नको मला."

"का?"

"समितीला नियम कमी होते का? कोण आलं शेवटी? या खिडकीतून मी रोज नदीच बघते. उद्या दार उघडीन ते माझ्या मनानं. कागदाला भिऊन नाही."

मी बराच वाद घातला. आयुष्यभर माणसांवर विश्वास टाकला आणि दर वेळी एकटाच पाण्यात उभा राहिलो, हे तिला सुनावले. तिने हात पुसले आणि पेन माझ्याकडे सरकवले.

सबब कलम ६ मधील "अट अशी की" पासून पुढील सर्व मजकूर मी स्वतः खोडला आहे व खोडलेल्या जागी सही केली आहे. घर तिला विनाअट देत आहे. धाकधूक आहे, तीही नोंदवून ठेवतो.

ठिकाण : राहत्या घराची मागची खोली
दिनांक : रविवार, काम आटोपल्यावर
सही : गादी कारागीर

साक्षीदार पहिला : दाखला देणारे डॉक्टर. सही.
साक्षीदार दुसरा : पोस्टमन. सही. (खाडाखोड माझ्यासमोर झाली. रेघ कारागिरांनीच मारली.)