तिसऱ्या मशिनवरचं नाव

५ डिसेंबर १९९४, पिंप्राळा
मी, धनसिंग, मास्तर झालो बरं का! बोदवडला गाडीत बसवताना आईनं पिशवीत चार दिवसांच्या भाकरी कोंबल्या. कौतिकभाऊंचा कॉम्प्युटर क्लास झकास आहे. तीन मशिनं, तिन्हींना हार, आणि चपला बाहेर. स्क्रीनवर लागलेलं हळदकुंकू मी गुपचूप पुसलं. भाऊंनी धुळ्याच्या एका बंद पडलेल्या क्लासमधून मराठी टायपिंगची फ्लॉपी आणलीय. प्रोग्राम भरताना तो मालकाचं नाव विचारतो. भाऊ स्वतःचं कसले घालतात! ट्रॅक्टरवर रंगवतात तसं वडिलांचं, आबांचं घातलं.

६ डिसेंबर
त्या मशिनच्या मॉनिटरची ट्यूब जळाली. खोलीभर वास. भाऊ उशिरा आले; सकाळपासून आबांना काहीच दिसत नाही. वय झालं, असं मी म्हटलं.

७ डिसेंबर
दोष फ्लॉपीत की मशिनमध्ये, हे बघायला तीच दुसऱ्यावर भरली. या वेळी नाव भाऊंच्या आईचं, अक्कांचं. तासाभरात त्याच्या प्रिंटरच्या पिना वाकल्या. दुपारी निरोप आला, अक्कांची बोटं वळली आहेत, घास धरवत नाही. मी फ्लॉपी कपाटात टाकली. मला भीती वाटतेय.

९ डिसेंबर
मी बाहेर गेलो असताना भाऊंनी तिसऱ्यावर प्रोग्राम भरला. त्यांना वाटतं, त्यांच्याच घराला साडेसाती लागलीय, म्हणून नाव बाहेरचं हवं. ‘मास्तर, तुमनी मायनं नाव टाकं. आते बठ्ठं बेस व्हई.’ माझ्या आईचं नाव! म्हणे, आता सगळं ठीक होईल.
हार्डडिस्क आतून ठोकल्यासारखी वाजतेय. पीसीओवरून बोदवडला शेजारी फोन केला. आईच्या छातीत कळ आलीय, डॉक्टर बसलेत.
मशिन बंद करायची हिंमत नाही.

१० डिसेंबर, सकाळ
टक— बराच वेळ काही नाही. टक—
आईचा श्वासही तसाच अडतोय म्हणे.
वरून पुन्हा भरलं की जुनं नाव पुसतं. भाऊंना सगळं सांगितलं. ते रडले, म्हणाले माझं घाला. त्यांना तीन लेकरं आहेत.
मी माझंच नाव घातलं.

अकरा वाजता
भाऊ पीसीओवरून धावत आले. आई उठून बसली! चहा मागितला!
डिस्क सुरळीत फिरतेय. डाव्या हाताला मुंग्या—

लाइट गेली. यूपीएस दहाच मिनिटं चालतो. भाऊ जनरेटर शोधायला—

यूपीएस ओरडतोय. छातीत—
टक—
भाऊ, आईला यातलं काही