चाळीस टक्के ओलावा

विद्यानगर, हैदराबाद
१६ ऑक्टोबर २०१६

चि. सौ. हैमवतीस,

मामय्याचे अनेक आशीर्वाद. आंध्र-तेलंगणा वेगळे झाले, तुझं सरकारी ऑफिस विजयवाड्याला हललं आणि तुम्ही दोघं गेलात, तेव्हापासून घर मोठं वाटतंय. तुझ्या सासूबाईंचे गुडघे बरे आहेत. आमच्या दिगंबरला म्हणावं, वेळेवर जेव. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. सावकाश वाच, पण त्याच्याकडून वाचून घेऊ नकोस. बुज्जी ठीक आहे.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. खोडत नाही, राहू दे.

तिकडची दमट हवा तुझ्या ठिपक्यांच्या पालीला, बुज्जीला, सोसणार नाही, म्हणून तू तिला माझ्याकडे ठेवलंस. जाताना दिगंबरकडून मराठीत कागद लिहून घेतलास: काचपेटी कोरडी, ओलावा चाळीस टक्क्यांच्या आत, कात टाकायला एका डबीत तेवढा ओला काथ्या. तो वाचून मी हसलो. तंबाखूच्या गोदामात तीस वर्षं ओलावा सांभाळलेला माणूस मी! पान कोरडं पडलं की चुरा होतो, हे मला कोण शिकवणार? दिवसातून दोनदा फवारा मारला, झाकणावर ओलं गोणपाट टाकलं, ओलाव्याचा काटा सत्तरवर नेला आणि स्वतःवर खूश झालो.

गुरुवारी संध्याकाळी ती उठली ती तोंड वासूनच. नाकाशी बुडबुडे. सिकंदराबादच्या डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं, "अंकल, ये सूखे मुलुक की है. इसकू इत्ता पानी नक्को!" फुफ्फुसाला सूज आहे. आठवडाभर औषध द्यायचंय. वाचेल की नाही, ते सांगत नाहीत.

आता काटा अडतीसवर आहे आणि मी तो हलू देणार नाही. पाल दिसली की खोलीबाहेर जाणारा मी, रोज तिला मुठीत धरून औषध पाजतो. काल तिने एक अळी खाल्ली. मी तिला वाचवणारच.

फोन का नाही केला? तू लगेच "परवालेदु मामय्या, काही हरकत नाही" म्हणाली असतीस आणि मी सुटलो असतो. एकदा तसाच सुटलोय. तुझ्या बदलीचा हुकूम आला त्या दिवशी शेजारचे भगवंतराव बसले होते. "चला, आता आंध्रवाले आपापल्या घरी," असं मी मोठ्यानं म्हणालो. तू चहा घेऊन दारात उभी होतीस. "तुला नाही गं म्हटलं," मी पुटपुटलो. तू परवालेदु म्हणालीस, कप ठेवलेस, आणि मी साखर ढवळत बसलो. नऊ वर्षं या घरात राहिलेल्या मुलीला मी हे ऐकवलं. मला लाज वाटते, हैमा.

औषध पुरं झालं की शनिवारच्या गाडीने येतोय. बुज्जी वाचली नाही तरी येणार. या वेळी परवालेदु म्हणू नकोस. रागव. मराठीत जमलं नाही तर तेलुगूत रागव. मला सगळी कळते.

ऐकून घ्यायला निघालेला,
तुझा मामय्या
लक्ष्मणराव