विहिरीपासून मोजलेली झाडं

शेंदूरजनाघाट, मंगळवार, १२ डिसेंबर २००६

तिसऱ्यांदा बटण दाबलं, तरी शेजारच्याच झाडाची फाइल उघडली. घरमालक रहीमचाचांच्या संत्र्यांची यादी एक्सेलमध्ये आहे. ओळीवर जाऊन बटण दाबलं की त्या झाडाची वर्डमधली हकिकत उघडावी, असा मॅक्रो मीच लिहिला. चाचांची नजर अधू होते आहे. ते सांगतात, मी टाइप करते. उद्या हिवरखेडचे लोक कलमं बांधायला झाडांचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, न्यायला येणार. सालीतून डिंक गळणारा डिंक्या रोग झालेल्या झाडाचे डोळे गेले तर त्यांची रोपं जातील, आणि चाचांचा शब्दही.

"यादीत काही बदललंत का?"

"विहिरीजवळ नवं झाड लावलं ना. सुनेकडून पहिली ओळ त्याले देल्ली. आमी विहिरीपासूनच मोजतो."

मी फाइली ओळीच्या क्रमांकाशी जोडल्या होत्या. सगळ्या एकेक घर सरकल्या.

"झाडं जागेवरच हायेत, बाई. तुमची फाइल काहून चालून राहिली?"

झाडं विहिरीपासून मोजली तरी चाचा प्रत्येक झाडाला नावाने हाक मारतात; फाइली नावांशीच जोडाव्यात, हे वर्षभर टाइप करूनही मला कसं सुचलं नाही?

आता मॅक्रो नाव वाचून फाइल उघडतो. 'रुसकी' या झाडाची ओळ निवडली. उघडली: डिंक्या, डोळे घेऊ नयेत.

चाचा पडद्याला नाक लावून म्हणाले, "हे माह्या घरवालीले, तुमच्या खालाले, सांगू नका. तिनंच लावलं ते झाड."

बुधवारी सकाळी: चाचांनी 'लंगडी' या निरोगी झाडाच्या सालीवरून हात फिरवला, तिचं छापलेलं पान माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मगच हिवरखेडच्या लोकांना डोळे काढू दिले.