बाचं कवाड

कांडला, कच्छ
रविवार, ता. २० डिसेंबर १९५३

मधु यास,

आणि तरी तू लिहितोस की “तुझं आहे हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.” कुणाची छत्री चुकून नेली तर माणूस असं म्हणतो. बाप चुकून नेता येतो का रे?

नमस्कार राहिला, तो घे. मी खुशाल आहे. तुझी तिन्ही पत्रं पोचली. हात मिठानं फुटलेत म्हणून उत्तर दिलं नाही, असं लिहिणार होतो. हात फुटलेत हे खरं, पण उत्तर न देण्याचं कारण ते नाही.

इथं नवीन बंदर बांधतायत, त्याच्या पलीकडं आमचं मिठागर. आपल्या खाडीसारखा चिखल नाही, नुसती सपाटी. झाड म्हणून नाही. मुकादम कच्छी आहे. मला “ए कल्याण” म्हणून हाक मारतो. मी दिव्याच्या खाडीकाठचा, कल्याणचा नव्हे, हे त्याला सांगून थकलो. आता ओ देतो.

तुझ्या शेवटच्या पत्रातला तो मजकूर मी पुष्कळदा वाचला. “दिवाळी अंकातील माझी कथा मूळ श्री. भिवा मढवी यांची असून त्यांच्या परवानगीवाचून मी ती लिहिली, याबद्दल दिलगीर आहे.” हे तू पुढच्या अंकात छापायला देणार, फक्त मी हो म्हणायचं. श्री. लावलंस ते बरं वाटलं. मला आजवर कुणी लावलेलं नाही.

हो म्हणण्याआधी मला भांडू दे. समोर असतास तर तासाभरात उरकलं असतं.

अण्णांच्या ओटीवर आपण दर रविवारी बसायचो. अण्णांचा नियम तुलाही पाठ आहे. कुणी गोष्ट वाचली की लगेच चुका काढायच्या नाहीत. ऐकून तुम्हाला स्वतःचं काय आठवलं ते आधी सांगायचं, मग बाकीचं. त्या रविवारी तू चाळीत पाणी शिरल्याची गोष्ट वाचलीस. सुधीर त्याच्या सवयीनं म्हणाला, “शेवट काप.” अण्णा म्हणाले, “थांब रे. भिवा, तुला काय आठवलं?” मला बा आठवला. खारजमिनीच्या बांधाला भरतीनं खांड पडली, खारं पाणी भातात शिरायला लागलं, गावाकडं ना फळ्या ना वेळ, तेव्हा बानं आमच्या घराचं कवाड उपटलं, डोक्यावर घेऊन धावला आणि खांडीत उभं ठोकलं. पंचवीस घरांची भातं वाचली. आमच्या दाराला तो सगळा पावसाळा गोणपाट होतं.

 मग अण्णा म्हणाले, “हे लिही.” तुला नाही म्हणाले, मला म्हणाले.

मी चौथी शिकलेला. बाजारात मिठाच्या गोणी उतरवून झाल्या की लिहायचो. जोडाक्षर आलं की पेन अडतं. गोष्ट पुरी व्हायला चार महिने लागले. तू तेवढ्यात तीच लिहून मासिकाला देऊन मोकळा झालास. मी माझी त्याच मासिकाला धाडली, तर संपादकांचं पत्र आलं की आम्ही आधीच घेतलेल्या एका कथेची ही हुबेहूब नक्कल आहे, नवोदितांनी स्वतःचं लिहावं. मधु, माझ्या बापाची मी नक्कल केली. ते पत्र खिशात घालून मी गाडीत बसलो आणि इथं आलो. कुणालाच सांगितलं नाही, बहिणीला, सगुणाला सोडून.

आता खरं सांगतो. तू घेतलंस याचा राग अर्धाच आहे. ओटीवर सांगितलेलं कुणाच्या ना कुणाच्या कागदात उतरणारच. सुधीरच्या गोष्टीतला लंगडा टांगेवाला माझा आहे आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही. राग याचा की तू ती ओटीवर वाचली नाहीस. एरवी तू धोब्याचा हिशेबसुद्धा आम्हाला वाचून दाखवशील, ही तेवढी गुपचूप छापायला दिलीस. वाचली असतीस तर मी भांडलो असतो, चहा न घेता उठलो असतो, आणि पुढच्या रविवारी येऊन म्हणालो असतो, ठेव तुला.

इथपर्यंत लिहून मी जेवायला गेलो. आता दुसरं लिहितो. ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तू माफी मागायला आमच्या गावी गेलेलास आणि मी नाही म्हणून अंक ठेवून आलास. सगुणानं तो आयला वाचून दाखवला. तुला माहीत नाही, बानं कवाड नेलं ते आयनं त्याला कधी माफ केलं नाही. “लोकांची भातं राखाया माजी पोरं उघड्यावर टाकली,” हे ती त्याला जेवताना म्हणायची, आजारपणात म्हणायची, तो गेल्यावरही म्हणायची. माझ्या गोष्टीत मी हेच लिहिलंय. शेवटी गोणपाट हलतं आणि आय रडते.

तुझ्या गोष्टीत मात्र बाप बांधावरून येतो आणि उंबऱ्यात बसतो. वाऱ्याकडं तोंड, पोरांकडं पाठ. कवाडाच्या जागी तो स्वतः. पाऊस संपेस्तोवर रोज. हे मी तुला सांगितलेलं नव्हतं. हे तू घातलंस.

सगुणा लिहिते की आयनं ते पान पुन्हा वाचायला लावलं. मग बराच वेळ तांदूळ निवडत बसली आणि म्हणाली, “बसला आसंल. मना रातची निज लागं, मना काय ठाव?” त्यानंतर तिनं ते जुनं बोलणं टाकलंय. परवा शेजारणीला सांगत होती, “आमच्या दाराला कवाड नव्हतं, पन यांचा बापूस होता.”

बा खरंच बसायचा का? मी आठ वर्षांचा असेन. आठवून बघतो तर तो दिसतो, उंबऱ्यात, ओल्या पाठीचा. पण ती पाठ मी पाहिलेली की तू लिहिलेली, हे मला आता सांगता येत नाही. तुझ्यावर यासाठी रागावू की काय करू तेही कळत नाही.

म्हणून तो मजकूर छापू नकोस. गोष्ट माझी आहे असं छापलंस की आय माझी वाचून घेईल, तीत ते बसणं नाही, आणि विचारील, “मंग ता उंबऱ्यात बसनं मधूनं मनचं लिवलं का?” मी तिच्याशी खोटं बोलू शकणार नाही. तुझं नाव आहे तसं राहू दे.

आणखी एक. इथल्या भटारखान्यावर मी एक गोष्ट लिहितोय. त्यात एक बाई फोडणी देताना रस्त्याकडची खिडकी उघडते, रुसून दोन गल्ल्या पलीकडं राहायला गेलेल्या नवऱ्याला वास जावा म्हणून. पान भरलं तेव्हा लक्षात आलं की ही तुझी आई. तूच ओटीवर सांगितलेलीस, वडील वेगळे राहायचे तेव्हाची. मी चोरायला बसलो नव्हतो, ती आपणहून चालत आली. तेव्हा तुझं ते “ध्यानातच राहिलं नाही” मी मागं एवढं फाडून खाल्लं, ते थोडं खरं असेल असं वाटलं. थोडंच. तर ती खिडकी ठेवू की काढू? नाही म्हणालास तर पान फाडीन, मनात धरणार नाही. पण कळव.

माझी परत आलेली गोष्ट सोबत धाडतोय. एका रविवारी ओटीवर दोन्ही वाच, आधी तुझी, मग माझी. माझी वाचताना जोडाक्षरं सुधारू नकोस. अण्णांच्या नियमानं कुणाला काय आठवलं ते लिहून पाठव. सुधीर शेवट काप म्हणेल, त्याला सांग की या खेपेला नाही. अण्णांना माझा साष्टांग नमस्कार. गावाकडं जाणं झालं तर आयपाशी बस थोडा, तिला तू आवडलायस.

तुझ्यावर अजून रागावलेला, आणि तुझाच,
भिवा

ता. क. चहा-रॉकेलची आपली वर्गणी आठवड्याला एक आणा. पुढच्या वर्षाची, बावन्न रविवारांची, मनीऑर्डर उद्या करतोय. दाराजवळची माझी जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका. रुपये तीन, आणे चार.