पाच पेनं, एक खुर्ची

४ जानेवारी

आली! कात्री शोधायलाही थांबलो नाही, पार्सल दातांनीच फोडलं – म्हातारपणीची हाव! गर्द लाल अंग, सोन्याची निब. नाव ठेवलं 'नवरी'.

पण नियम तो नियम: शाई भरलेली पेनं एका वेळी पाचच. सहावं आलं की एकाला आंघोळ घालून पेटीत निजवायचं. बळी गेल्या सासूबाई. जाड निब, शाई अशी ओतायच्या की पानाच्या पाठीवरही वाचता यावं. किती वेळ धुतलं तरी पाणी निळंच! जातानासुद्धा मनसोक्त ऐकवून गेल्या.

तर आता भरलेली पाच. जावई – देखणा, पण दोन दिवस विचारपूस नाही केली की रुसून कोरडा. मास्तर – विटकरी शाई, बारीक निब, जन्म चुका काढण्यासाठी. पितळ्या – पायावर पडला तर प्लास्टर ठरलेलं. पोपट – हिरवी शाई, थोडा वाह्यात. आणि नवरी. तिला जांभळी भरली.

५ जानेवारी

नवरीने पहिलं पान लिहिलं. लोणी! आणि तोंडातून ब्र नाही. मास्तर कसा खरखरतो, ही मात्र गुपचूप सरकते.

बायको शेजारी पेपर वाचत होती. म्हणाली, "अहो, हे काय नवीन आणलंत? कान किटले!" तिला प्रत्येक नवीन पेन ऐकू येतं. पेन नव्हे – किंमत ऐकू येते.

९ जानेवारी

लेकीने पुन्हा वर्कशॉपातल्या माझ्या खुर्चीचा विषय काढला. सरळ नाही काढणार – माझीच ना! "बाबा, तुम्हाला पेनांसाठी जरा वेळ मिळायला हवा." साखरेत घोळलेली सुरी!

करार जुना आहे, आमच्या मोटर-दुरुस्तीच्या वर्कशॉपात सगळ्यांसमोर केलेला. बिघडलेली मोटर माझ्या कानातून 'ठीक आहे' म्हणून सुटली, की त्या दिवशी खुर्ची तिची. तोवर नाही. गोदामात विजेच्या मोटरी उचलायची हमाली केली, तेव्हा त्यांचं बोलणं शिकलो. पुढचं सगळं या दोन कानांवर उभं राहिलं. पोरगी कित्येक वर्षं सोबत राबते आहे, हात माझ्यापेक्षा साफ आहे तिचा. हे फक्त या पानाला सांगतो.

तिला मोटरीची थरथर मोजायचं यंत्र घ्यायचंय. म्हटलं, "माझे कान आहेत ना!"

"कान विकत मिळत नाहीत बाबा. म्हणून तर."

एवढं बोलून निघून गेली.

१२ जानेवारी

जावई रुसला. कोमट पाण्यात बसवल्यावर मानला.

बायको आतून ओरडत आली, "फ्रिजचं दार उघडं टाकलंत, केव्हाचा कोकलतोय!" मी शेजारीच बसलो होतो. म्हटलं, "माझ्यासमोर तोंड उघडायला लाजत असेल." हसली नाही.

१५ जानेवारी

लॉन्ड्रीवाल्याची मोटर तयार. चालू करून पेचकसाचं टोक तिच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. छान, एका सुरात घुमत होती. लेक म्हणाली, "बाबा, बारीक शीळ येतेय."

"नवी बेअरिंग आहे. बसेल दोन दिवसांत."

"बसेल?"

"मी मोटरी ऐकत होतो तेव्हा तू रांगत होतीस!"

तिने पेचकस पुसून जागेवर ठेवला. मी पास केली, नवरीने झोकात सही ठोकली. लेक पेनाकडे बघत राहिली. म्हणाली, "हेपण शीळ घालतं." आईच्या वळणावर गेलीये. पेनं दोघींच्याही डोळ्यांत खुपतात.

२१ जानेवारी

मोटर परत आली. बेअरिंग जळून कोळसा. लॉन्ड्रीवाला चिडलाही नाही. "शेठ, तुमचा कान लागलाय म्हणून मी निर्धास्त होतो हो."

बेअरिंगवाल्याला फोनवर झाडला. खराब माल देतो, दुसरं काय!

लेकीने खुर्चीतला 'ख'सुद्धा काढला नाही. टोमणा मारला असता तर परतवला असता. हे परतवायचं कसं?

२२ जानेवारी

दुपारी बायकोला खोलीच्या त्या टोकाला बसवलं, भिंतीकडे तोंड करून. म्हटलं, "मी पेनं बदलत लिहितो. नवरी लिहायला लागली की टाळी वाजव."

"या वयात हेच राहिलं होतं!"

मास्तर. गप्प. पोपट. गप्प. नवरी – टाळी! जावई. गप्प. योगायोग असेल म्हणून तिला फसवायला पितळ्या मुद्दाम दाबून चालवला. गप्प. मग नवरीने एकच ओळ, अगदी हळू.

टाळी. "पुरे हो आता, दात शिवशिवतात!"

नवरीला कागदासकट कानाशी नेलं आणि लिहिलं. लोणी. बाकी काही नाही.

बायकोने वळून पाहिलं. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे. उठून आली, शेजारी बसली, एकेका पेनाला टोपण लावत गेली. कुठलं टोपण कुठल्या पेनाचं, सगळं ठाऊक होतं तिला! नवरीला शेवटी लावलं.

"फ्रिजसुद्धा?" मी विचारलं.

"फ्रिजसुद्धा."

२४ जानेवारी

सकाळी वर्कशॉपात सगळ्यांना बोलावलं आणि खुर्ची लेकीला दिली. कागदावर सही केली, नवरीनेच. सही करताना सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. म्हणजे चांगली खणखणीत वाजली.