ल्युबोमिरचं स्मारक होऊ नये म्हणून

मी, वेलिका दोब्रेवा, वय एक्क्याऐंशी, व्यवसाय नटी, राहणार रूसे, हे शुद्धीवर असताना लिहून देते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा सावत्र मुलगा आसेन पहिली शंका तीच काढील. मला कोणी भरीस घातलेलं नाही. तेवढी कुवत माझ्या नातलगांत नाही.

१. डॅन्यूब नदीकडे तोंड असलेला राहता फ्लॅट माझ्या आईच्या पैशांनी घेतलेला आणि माझ्या एकटीच्या नावे आहे. आसेनला तिथे वडिलांचं, म्हणजे माझे दिवंगत पती, थोर नट ल्युबोमिर गेर्गानोव यांचं, स्मारक करायचं आहे. ईस्टरला कोकराच्या मटणावर ताव मारता मारता तो म्हणाला, "वेलिकामावशी, तुमचाही एक फोटो लावू की कोपऱ्यात."

स्मारक होऊ नये. कारण लिहून ठेवते.

थोर नटाला वाक्यं पाठ होत नसत. मी त्याची नायिका झाले, मग बहीण, शेवटी आई. आणि दर नाटकात त्याचं पुढचं वाक्य माझ्या वाक्यात घुसवून त्याला पुरवलं. मी म्हणायचे, "घर विकलंस, हे तोंडानं सांग ना." तो भारदस्त आवाजात म्हणायचा, "हो. घर विकलं." टाळ्या त्याला. राजधानी सोफियाचे सिनेमावाले तीनदा मला न्यायला आले. तिन्ही वेळा हा पलंगावर बसून रडला. "वेले, तू गेलीस तर मी तोंडघशी पडेन गं." मी राहिले.

चौथ्या वेळी गेले. त्याच संध्याकाळी माझ्या जागी उभ्या केलेल्या पोरीने फक्त स्वतःची वाक्यं म्हटली. ल्युबोमिर मुका झाला आणि पडदा पडेपर्यंत समोर बघत उभा राहिला. प्रेक्षक उठून टाळ्या वाजवत होते. बायका रडल्या. वर्तमानपत्राने 'मौनाचा महामेरू' असं छापलं. मी परतले तेव्हा तो दाढी करत होता. "बघ, जमलं," म्हणाला.

म्हणजे ज्याच्यासाठी तीन सिनेमे सोडले त्याला माझी गरज नव्हती, आणि ज्या प्रेक्षकांसाठी घसा फोडला त्यांना शब्दांची. पुढे मी त्याला एकही ओळ दिली नाही. मिळेल तो सिनेमा केला: सासू, जोगीण, शवागारातलं प्रेत. प्रेताची समीक्षकांनी वाखाणणी केली. त्यांची झेप तेवढीच.

२. फ्लॅट आसेनच्या मुलीला, देनित्साला द्यावा. ती दातांची डॉक्टर आहे. बारा वर्षांची असताना ती रंगपटात आली. लोक माझे हात चुंबत होते. ही म्हणाली, "आजी, दुसऱ्या अंकात तू खोटं खोटं रडलीस." खरं होतं. त्या घराण्यात नाटक कळणारी ती एकटीच निघाली, आणि शहाणी म्हणून नाटकात गेली नाही. दिवाणखान्यात तिने दवाखाना थाटावा. तिथे लोकांना आ वासायला निदान काही कारण असेल.

३. वडिलांच्या कौतुकाची सगळी कात्रणं आसेनला. रद्दीवाला एकदा विचारून गेला आहे.

४. नाट्यगृहाच्या संचालकांनी माझ्या अंत्यविधीला भाषण करू नये. गेल्या वर्षी दारात त्यांनी मला विचारलं होतं, "आजी, तिकीट काढलंय का?"

५. ल्युबोमिरच्या थडग्यावर आसेनने मला न विचारता कोरून घेतलं आहे: 'आणि पत्नी वेलिका'. पुढे मृत्यूच्या वर्षासाठी कोरी जागा आहे. ती कोरीच राहो. मला निकोलोवो गावी आईशेजारी पुरावं. मेलेल्याच्या नावाने वाटतात ते उकडलेले गोड गहू सर्वांना वाटावेत, आसेनलाही. दगडावर एवढंच: वेलिका दोब्रेवा, नटी. 'थोर' नको. तो शब्द आमच्या घरी वापरून झिजला.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून सही करते.

वेलिका दोब्रेवा

साक्षीदार:
राद्का मिन्चेवा, शेजारीण
कामेन इलिएव, निवृत्त नावाडी
(दोघांना काहीही मिळणार नाही, हे त्यांना सांगितलं आहे. तरी आले.)

रूसे, ९ ऑक्टोबर २०१४